कै. जीवराम यांचे कृपाशीर्वादाने

जळगाव
४ नोव्हेंबर २०२५

चि. सुकदेव यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नातवाच्या, पियुषच्या लग्नाची पत्रिका वाचली. कागद जाड आहे, सोनेरी गणपती चांगला उठून आलाय, आणि डाव्या बाजूला आबा आणि आईच्या नावांखाली ‘कै. जीवराम दगडू फिरके यांचे कृपाशीर्वादाने’ असं छापलं आहे. ते वाचून मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि मग चहा ठेवला. मेल्यावरही चहाची तलफ येते, हे तुला कळवून ठेवतो.

पत्रिका तू पाठवली नाहीस, हे मला माहीत आहे. ती भाईदासने दाखवली. धुळ्याचा भाईदास बँडवाला. त्याच्या बापाच्या बँडमध्ये मी निम्मं आयुष्य साइड ड्रम वाजवला. बँड ठरवताना गिऱ्हाईक एक पत्रिका देऊन जातं, वेळ आणि कार्यालयाचा पत्ता कळावा म्हणून. धुळ्यात एवढे बँडवाले पडलेत, पण तुझ्या मुलाने नेमका भाईदासच गाठला. भाईदास कशाच्या तरी खरेदीला जळगावला आला तेव्हा माझ्या खोलीवर चढून आला, पत्रिका पुढे धरली आणि म्हणाला, “नाना, हाई देखा. गाव तुम्हनं, आडनाव तुम्हनं, बापनं नाव तुम्हनं. आनि तुम्ही तं जित्ता शेतस.”

मी म्हटलं, छापखान्याची चूक असेल. त्याचा विश्वास बसला नाही. त्याने पत्रिका माझ्याकडेच ठेवली आणि पाणी पिऊन निघून गेला.

छापखान्याची चूक नाही, हे आपल्या दोघांना ठाऊक आहे. तुझं लग्न ठरत होतं तेव्हा लताबाईच्या वडिलांनी विचारलं, थोरला भाऊ काय करतो? तू म्हणालास, तो वारला. आईने मला हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, रडत रडत. पाटलाच्या घरचा मुलगा चामडं बडवतो, बँडवाल्यांबरोबर रस्त्याने फिरतो, असं सांगितलं असतं तर ते स्थळ हातचं गेलं असतं. आबांनी मान डोलावली, आणि मी मेलो.

तेव्हापासून तुझ्या घरच्या कुठल्याच पत्रिकेत मी नव्हतो. तुझ्या मुलाच्या लग्नातही नव्हतो, तीही पत्रिका मी कुठून तरी मिळवून पाहिली होती. नुसता गाळलेला असायचो. या खेपेला नाव घालावंसं तुला का वाटलं, याचा मी विचार करतोय. लताबाई गेल्या, तूही थकलास, कदाचित आठवण झाली असेल. पण सोयऱ्यांच्या लेखी मी मेलेलो, तेव्हा नुसतं नाव कसं छापणार? म्हणून नावाआधी ‘कै.’ लावलंस. राग आलाय मला, सुकदेव. आणि नाव पाहून बरंही वाटलं, त्याचा आणखी राग आलाय.

माझं मागणं एकच आहे. वाटलेल्या पत्रिका गोळा कर, असं म्हणत नाही. फक्त तुझ्या सोयऱ्याधायऱ्यांपुढे एकदा म्हण, की जीवराम जिवंत आहे आणि तो माझा भाऊ आहे. एवढं माझ्या हयातीत व्हावं.

खाली घरमालकांचा मोबाइल नंबर दिला आहे.

तुझा थोरला भाऊ,
कै. जीवराम


जळगाव
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सुकदेव यास,
आशीर्वाद.

परवा निर्मलकुमारांच्या मोबाइलवर फोन आला. निर्मलकुमार म्हणजे माझे घरमालक, डाळीचे व्यापारी, त्यांच्या गोदामावरच्या खोलीत मी राहतो. पलीकडच्या माणसाने विचारलं, “जीवराम फिरके आहेत का?” हे म्हणाले, “आहेत ना, वर बसलेत, बोलावू?” त्यावर फोन ठेवला गेला. निर्मलकुमार मला विचारत होते, “नाना, कोणी पार्टी होती का?” मी म्हटलं, पार्टीच, फार जुनी.

म्हणजे मी आहे की नाही, याची तू खात्री करून घेतलीस. शहाणपणाचं काम केलंस.

बोलावलं असतंस तरी माझा उपयोग नव्हता. मला फोनवर ऐकू येत नाही. आयुष्यभर डोक्याशी झांजा वाजल्या, कान टिकणार किती? बारीक आवाज आधी गेले. पाखरं, कुकरची शिट्टी, मग बायकांचं बोलणं. आता समोरचा काय म्हणतो ते मी त्याच्या तोंडाकडे बघून अंदाजाने ठरवतो, आणि पुष्कळदा चुकतो. खाली गोदामात हमाल पोती टाकतात, ते मात्र पायाला कळतं. दिवसभर तीच सोबत असते. रविवारी गोदाम बंद असतं, तेव्हा फार सुनं वाटतं रे.

पत्रिका वाचून पियुषने किंवा सुनेने तुला विचारलं असेलच, हे कै. जीवराम कोण, काय करायचे? तू मास्तर माणूस, साक्रीच्या शाळेतून निवृत्त झालास तरी उत्तर द्यायची सवय जात नाही. काहीतरी सरळ रचून सांगितलं असशील. खरं हवं असेल तर लिहून देतो. वाचून दाखव नाहीतर फाडून टाक.

सांग त्यांना, जीवराम भुसावळच्या लोको शेडमध्ये खलाशी होते. तिथे रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये शनिवारी नाच असायचा. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड बायकापोरांसह नटूनथटून यायचे. केनेथ फॉस्टर नावाचा एक फायरमन गिटार वाजवायचा, त्याच्याकडे विलायती तबकड्या होत्या. शेडमध्ये मी हातोडीने पत्रा ठोकताना ताल धरायचो, तो त्याने ऐकला आणि मला म्हणाला, रॉक अँड रोल करेगा? मला वाटलं, हा इंजिनाचा एखादा भाग असेल. मी म्हटलं, साहेब, फोरमनला विचारावं लागेल. हा विनोद तो पुढे प्रत्येक नाचात माइकवरून सांगायचा.

ड्रमचा संच आम्हीच बनवला. कुठल्याशा जुन्या बँडचा टाकून दिलेला मोठा ढोल आडवा ठेवला. तो पायाने वाजवायची पट्टी शेडच्या भंगारातली स्प्रिंग लावून मी केली. भजनाच्या दोन झांजा सळईवर बसवल्या. साइड ड्रम तेवढा खरा होता. त्यावर आम्ही त्या तबकड्यांतली गाणी वाजवायचो, आणि साऱ्या खानदेशात तेव्हा असलं वाजवणारा मी एकटा होतो. ही बढाई वाटली तर वाटू दे.

आपल्याकडे माणूस टाळी देतो ती पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर. केनेथ म्हणायचा, नाही, दुसऱ्या आणि चौथ्यावर मार, गाण्याचा सगळा जीव तिथे आहे. कितीतरी दिवस माझा हात वळेना. एकदा वळला तो वळलाच. पहूरला घरी आलो तेव्हा आबांना ताटावर वाजवून दाखवलं. आबा जेवत होते. ते म्हणाले, “पाटलाच्या पोऱ्यानं वाजवाचंच नाही. अन् वाजवून राह्यला तं तेही उलटं?” तेव्हापासून गावात माझं नाव उलटा जीवराम पडलं.

त्या सुट्टीत तू माझ्याकडे भुसावळला आलास ते तुला आठवतं का? तुला आत घेणं शक्य नव्हतं, तू इन्स्टिट्यूटच्या खिडकीबाहेर उभा होतास. तिथे पोर्टर, टांगेवाले, खानसामे जमायचे आणि गाण्याला टाळ्या पिटायचे, सगळे पहिल्या-तिसऱ्यावर. तू एकटा दुसऱ्या-चौथ्यावर टाळी देत होतास. तुला कुणी शिकवलं नव्हतं. मला आतून ते दिसलं आणि इतका आनंद झाला की माझा हात चुकला. केनेथने वळून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मी मनमाड, इगतपुरी, इटारसी, नागपूर, जिथे जिथे रेल्वेचं इन्स्टिट्यूट होतं तिथे वाजवलं, पण तशी टाळी मला बाहेरच्या माणसांत कुठे दिसली नाही.

मग ती माणसं ऑस्ट्रेलियाला निघाली. एकेक घर रिकामं व्हायला लागलं. केनेथ स्टेशनवर मला म्हणाला, तू चल. मी म्हटलं, आई आहे, भाऊ अजून शिकतोय. तो म्हणाला, ओके, जीव. मला जीव म्हणणारा तेवढा एकच माणूस होता. गाण्याच्या पायी खाडे झाले म्हणून शेडची नोकरी आधीच गेली होती. ड्रमचा संच कुणीतरी भंगारात घातला. हातात काड्या राहिल्या, त्या घेऊन मी धुळ्याला भाईदासच्या बापाकडे गेलो आणि लाल कोट चढवला.

कै. जीवराम हे असे होते. लग्न झालं नाही, कारण मुलगा काय करतो, या प्रश्नाशीच बोलणी संपायची. म्हातारपणी ते शाळांचे ड्रम दुरुस्त करून देत. बाकी सगळं पियुषला विचारू दे, तो आला तर मी सांगेन.

उत्तराची वाट पाहतो.

कै. जीवराम


जळगाव
२१ नोव्हेंबर २०२५

सुकदेव,

‘चि.’ या खेपेला लिहिलं नाही. तू मला ‘कै.’ लावतोस आणि मी तुला चिरंजीव म्हणतो, हा सौदा मला परवडेना. आज रागाने बसलोय, उद्या कदाचित पुन्हा लिहीन.

तुझं उत्तर नाही. टपालवाला खाली डाळीवाल्यांची पत्रं देतो आणि मी जिन्यावर उभा असतो. तो लांबूनच मान हलवतो, त्याला माझ्याकडे चढून यायची सवय नाही.

एक गोष्ट मी कधी काढली नाही. तूही काढली नाहीस. आज काढतो, कारण पियुषचं लग्नही धुळ्यातच आहे आणि बँडही तोच आहे.

तुझ्या लग्नाचा बँड मुलीकडच्यांनी ठरवला होता. आम्हा वाजवणाऱ्यांना कुणाचं लग्न ते कधी माहीत नसायचं. चिठ्ठीवर गल्लीचं नाव असायचं. कोट घालून मी त्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि घोड्यावर पाहिलं तर तू. मुंडावळ्या बांधलेल्या. मालकाला काय सांगणार? काड्या खाली ठेवल्या असत्या तर वरात थांबली असती, लोकांनी विचारलं असतं, आणि तुझं लग्न मोडलं असतं. म्हणून वाजवत राहिलो. तुझ्या घोड्यापुढे, तुझ्याकडे तोंड करून, मागे मागे चालत.

तू मला पाहिलंस. तुझे हात लगामावर होते, आणि एक बोट हलत होतं. दुसऱ्या-चौथ्यावर. मी खोटं बोलत नाही.

मग आबा पुढे आले. हातात नोट होती. तुझ्यावरून ओवाळली आणि माझ्यापुढे धरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही असं मी म्हणणार नाही. त्यांनी नीट पाहिलं, आणि म्हणाले, “वाजव रे, जोरात वाजव.” मी हात पुढे केला आणि नोट घेतली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. नोट ज्याच्यावरून ओवाळतात तो घरचा आणि ज्याच्या हातात पडते तो वाजंत्री, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मंगलाष्टकं संपून टाळी लागली, लग्न झालं, तुमची पंगत बसली. आम्हाला मांडवाच्या मागे पत्रावळी वाढल्या. बुंदी चांगली झाली होती. ती नोट मी घोडेवाल्याला देऊन टाकली.

त्यानंतर मी कितीतरी लग्नांत वाजवलं, कितीतरी नोटा घेतल्या. नोट समोर आली की हात आपोआप पुढे जायचा. त्याचं काही वाटेनासं झालं. त्या एका नोटेचं मात्र अजून वाटतं.

भाईदासला मी पत्र घातलं आहे की पियुषच्या वरातीत मी वाजवणार. मानधन नको, कोट दे. तो माझ्या वयाकडे पाहून नाही म्हणेल असं वाटलं होतं. त्याचा निरोप आला, “नाना, या. बठ्ठा पोरं तुम्हनी वाट देखतस.”

तेव्हा मी येतोय. मांडवात नाही, रस्त्यावर. तुला मला ओळखायचं नसेल तर तशी तुला सवय आहे.

जीवराम


(पोस्टकार्ड)
२६ नोव्हेंबर

चि. सुकदेव,
राग उतरला. पण येणार आहे. तुझी तब्येत जप, वरातीत उभा राहू नकोस, गाडीत बस. थंडी पडली आहे, मफलर घे.
जी.


जळगाव
३ डिसेंबर २०२५

चि. सुकदेव यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल परत आलो. हात दुखतोय म्हणून अक्षर वाकडं आहे, समजून घे.

वरातीत तुला काय दिसलं आणि काय नाही, कोण जाणे. तुझ्या डोळ्याला पडदा आलाय असं भाईदास सांगत होता. म्हणून माझ्या बाजूने लिहितो.

कोट मला ढगळ झाला. बाह्या दुमडून घेतल्या. भाईदासने साइड ड्रम गळ्यात अडकवला तेव्हा गुडघे कुरकुरले, पण काड्या हातात आल्या आणि ते विसरायला झालं. कानाला काही ऐकू येत नव्हतं. रस्त्यातून मोठ्या ढोलाचा ठोका पायात येत होता, त्यावर मी माझा हात धरला. आणि एक गंमत सांगतो. भाईदासची पोरं सगळी दुसऱ्या-चौथ्यावर वाजवतात. पियुषचे मित्र तसेच नाचत होते, बायका तशाच टाळ्या देत होत्या. सगळं गाव उलटं झालंय. मी मोठ्या तोऱ्यात गेलो होतो, आणि तिथे मी साऱ्यांसारखाच एक निघालो. जरा हिरमुसलो, खरं सांगतो.

पियुष घोड्यावर छान दिसत होता. नाक आईचं आहे त्याचं.

तू गाडीत बसला होतास. मफलर घातला होतास, ते पाहून बरं वाटलं. मुलीचे आजोबा पुढे आले, त्यांनी पियुषवरून नोट ओवाळून क्लॅरोनेटवाल्याला दिली. मग कोणी मामा आले, कोणी काका. मी मान खाली घालून वाजवत होतो. गाडीचं दार उघडलं ते मला दिसलं नाही. तू काठी टेकत आलास, तुझ्या मुलाने तुझा दंड धरला होता, आणि सगळे बाजूला झाले, आजोबा नातवावरून ओवाळणार म्हणून.

तू घोड्याच्या पुढे निघून आलास.

माझ्यासमोर उभा राहिलास. तुझ्या हातात नोट होती. मी काय केलं ते तुला माहीत आहे. मी काड्या एका हातात घेतल्या आणि दुसरा हात पुढे केला. नोट घ्यायला. इतक्या वर्षांची खोड, सुकदेव. तू समोर आहेस, हे मला कळत होतं, आणि तरी हात पुढे गेला.

तू काठी मुलाकडे दिलीस. माझा हात धरून खाली केलास. आणि नोट माझ्या डोक्यावरून ओवाळलीस. एकदा ओवाळलीस, थांबलास, श्वास घेतलास, आणि पुन्हा ओवाळलीस. मग ती भाईदासच्या हातात ठेवलीस. भाईदासने ती कपाळाला लावली. बँड थांबला असावा, कारण पायाला काही कळेना झालं होतं.

मुलीचे आजोबा पुढे झाले आणि तुला त्यांनी काहीतरी विचारलं. तू त्यांच्याकडे वळलास, त्यामुळे तुझी पाठ माझ्याकडे झाली. तू काहीतरी बोललास. थोडंसंच असावं. आजोबांनी एकदा तुझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. मीही जोडले. तेवढ्यात पोरांनी दंगा केला, घोडा पुढे सरकला, पायात ठोका परत आला आणि मी वाजवायला लागलो. पंगतीला तुझा मुलगा मला बोलवायला आला होता, पण मी मांडवाच्या मागे भाईदासच्या पोरांबरोबर जेवलो. वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांच्यात बसून जेवायची मला सवय आहे. निघताना तुला शोधलं, तर तू आत जाऊन पडला होतास.

तू काय म्हणालास ते मी येताना भाईदासला विचारलं. तो म्हणतो, मी नोट खिशात घालत होतो, माझं ध्यान नव्हतं. क्लॅरोनेटवाल्याला विचारलं, तो लांब होता. बसमध्ये धुळे ते जळगाव मी तेच घोळवत बसलो. भाऊ म्हणालास, की कै. जीवरामचा कोणी दोस्त म्हणालास, की भुसावळचा जुना ओळखीचा? तू मास्तर, तुला सुचलं असतं काहीही. पण हात ज्या तऱ्हेने खाली केलास, त्या तऱ्हेने ओळखीच्या माणसाचा करत नाहीत. असं मी मनाशी म्हणतो, आणि पुन्हा घोळवतो.

पत्रिका भिंतीला लावली आहे. ‘कै.’ मी खोडलेलं नाही. ते खोडायचं तर तू येऊन खोड. साक्रीहून सकाळची बस आहे, खोलीत दोन माणसं झोपतील एवढी जागा आहे, आणि गोदामात पोती पडायला लागली की ठोका कसा येतो तो तुलाही दाखवीन.

आणि यायला जमत नसेल तर एक कर. ओवाळलंस ते मी पाहिलं, बोललास ते मला ऐकू आलं नाही. ते तेवढं लिहून पाठव.

तुझा भाऊ,
जीवराम